शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी

शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादी : ऑपरेशन थिएटरमधील टाळता येण्याजोग्या चुका रोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये प्रसृत केलेली १९ मुद्द्यांची, एका पानात मावणारी यादी. ती तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व बॉस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. यादीची कल्पना मात्र वैद्यकातली नव्हे, विमानचालनातली. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचे एक नवे विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक अनुभवी होता, पण उड्डाणापूर्वी एक खिटी काढायची राहून गेली होती. त्यानंतर वैमानिकांसाठी याद्या आल्या.

यादी तीन ठिकाणी थांबायला लावते. भूल देण्यापूर्वी रुग्णाची ओळख, ऑपरेशनची जागा, संमती, ॲलर्जी आणि रक्तस्रावाची शक्यता पाहिली जाते. रक्तातील ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटर लावून तो चालू असल्याची खात्री केली जाते. पहिला छेद घेण्यापूर्वी हजर असलेला प्रत्येकजण आपले नाव आणि काम सांगतो, तसेच गेल्या ६० मिनिटांत प्रतिजैविक दिले की नाही हे विचारले जाते. रुग्णाला बाहेर नेण्याआधी अवजारे, सुया आणि स्पंज, म्हणजे रक्त टिपायचे कापडी बोळे, मोजले जातात. पोटात राहिलेला स्पंज महिनोन्‌महिने लक्षात न येता पुढे गाठीसारखा दिसू शकतो, म्हणून ही मोजणी.

नावे सांगण्याचा मुद्दा अनेकांना पोरकट वाटतो. पण एकदा तोंड उघडलेली सिस्टर पुढे काही खटकले तर बोलण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा हिशेब आहे. सर्जनला ‘सर, थांबा’ म्हणणे आपल्याकडे किती अवघड, हे थिएटरमध्ये काम केलेल्यांना सांगायला नको.

नवी दिल्ली, मनिला, लंडन, टांझानियातील इफाकारा अशा आठ शहरांतील रुग्णालयांत यादीची चाचणी झाली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे ११ वरून ७ टक्क्यांवर आले. मात्र ही आधीची आणि नंतरची तुलना होती. यादी न वापरणारा वेगळा नियंत्रण गट नसल्याने सगळे श्रेय यादीला देता येत नाही.

२०१४ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात यादी लागू केल्यावर मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. यादी निरुपयोगी ठरली, असे काहींनी म्हटले; इतरांच्या मते तिथे यादी वरून लादली गेली होती, आणि खुणा झाल्या तरी थांबून बोलणे झालेच असे नाही. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. केस पार पडल्यावर सगळ्या चौकटींत एका दमात टिकमार्क केलेला कागद फायलीत लागतो, पण त्याने स्पंज मोजले जात नाहीत. स्थानिक कामपद्धतीप्रमाणे यादीत भर घालावी, बदल करावेत, असे मूळ कागदाच्या तळाशीच छापलेले आहे.