ट्युनिशियात कुणालाच बहुमत का मिळालं नाही

मुस्लिमबहुल देशात अनेक पक्षांचं राजकारण टिकतं का, हा विषय निघाला की सगळे लगेच धर्मावर घसरतात, पण उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशियाचं बघायचं तर आधी गणित बघायला हवं.

2011 च्या जानेवारीत तिथला हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला आणि ऑक्टोबरमध्ये नवी घटना लिहिण्यासाठी 217 जागांची निवडणूक झाली. एन्नाहदा हा इस्लामवादी पक्ष पहिला आला, मतं साधारण 37 टक्के, जागा 89. म्हणजे बहुमत नाही. याचं मोठं कारण जागावाटपाच्या सूत्रात होतं.

समजा एका मतदारसंघात 10 जागा आहेत आणि 1 लाख मतं पडली, म्हणजे एका जागेचा भाव 10 हजार मतं. मोठ्या पक्षाला 43 हजार मिळाली तर त्याच्या 4 जागा पक्क्या, उरतात 3 हजार. बाकीची मतं 5 ते 9 हजार अशी आठ छोट्या पक्षांत विभागलेली, भाव कुणालाच परवडत नाही, पण उरलेल्या जागा ज्याची शिल्लक जास्त त्याला जातात, त्यामुळे 6 जागा छोट्यांना. युरोपात बऱ्याच ठिकाणी चालणारं डी'ओंट सूत्र (प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3 असं भागत जायचं आणि सगळ्यात मोठ्या भागाकारांना जागा द्यायच्या) लावलं असतं तर याच मतांवर मोठा पक्ष 6 जागांपर्यंत जाऊ शकतो! तसं झालं असतं तर एन्नाहदाला एकट्याने घटना लिहिता आली असती.

प्रत्यक्षात त्यांना दोन सेक्युलर पक्षांना सोबत घ्यावं लागलं, आणि 2012 मध्ये घटनेत शरियाचा उल्लेख हवाच हा आग्रहही सोडावा लागला. तरी रस्ता सोपा नव्हता. 2013 मध्ये शुक्री बलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या नेत्यांना गोळ्या घालून मारलं, देश फुटायच्या बेतात होता, तेव्हा कामगार संघटना, उद्योजक, वकील आणि मानवी हक्कवाले अशा चार संस्थांनी सगळ्यांना एका टेबलावर बसवलं (2015 चं शांततेचं नोबेल त्यांनाच). जानेवारी 2014 मध्ये घटना 216 पैकी 200 मतांनी पास झाली, त्यात श्रद्धेचं स्वातंत्र्यही आलं.

मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं. घटनेचा कायदा शिकवणारे प्राध्यापक कैस सईद राष्ट्राध्यक्ष झाले आणि 25 जुलै 2021 ला त्यांनीच संसद गोठवली. बहुपक्षीय राजकारणावरचा सगळ्यात मोठा घाव मशिदीतून नाही, राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीतून आला. त्यांनी निवडणुकीचं सूत्रही बदललं, पक्षांच्या याद्या रद्द, फक्त एकेकटे उमेदवार. मोठे पक्ष बहिष्कार टाकून बाहेर राहिले आणि डिसेंबर 2022 च्या पहिल्या फेरीत मतदान झालं जेमतेम 11 टक्के.