न उडालेल्या काडतुसाचं काय करायचं?

चाप ओढला, ‘खट्’ असा आवाज आला आणि पुढे काहीच घडलं नाही. .22 रायफल चालवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. अशा काडतुसाला आपण फुसकं म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. न उडालेलं काडतूस मेलेलं असेलच असं नाही. .22 सारख्या रिमफायर, म्हणजे कडेवर मार बसून उडणाऱ्या, काडतुसाच्या बाबतीत तर ते बहुतेक वेळा जिवंतच असतं.

त्याचं कारण काडतुसाच्या घडणीत आहे. मोठ्या रायफलींच्या सेंटरफायर काडतुसात बुडाच्या मधोमध धातूची एक वेगळी टोपी बसवलेली असते आणि ठिणगी पाडणारं रसायन त्या टोपीत असतं. रिमफायरला टोपीच नसते. पितळी पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली जी कड दिसते ती आतून पोकळ असते, रसायन त्या पोकळीत दडलेलं असतं. कारखान्यात या रसायनाची ओलसर चिमूट पुंगळीत टाकून ती गरगर फिरवून कडेच्या घडीत बसवतात. एखाद्या ठिकाणी ते पोचलंच नाही, तर कडेचा तेवढा भाग रिकामा राहतो. चाप ओढल्यावर कडेवर मार देणारी फायरिंग पिन नेमकी तिथेच आपटली की बार होत नाही. उरलेल्या कडेत मात्र रसायन जसंच्या तसं असतं. म्हणूनच तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा भरलं की अनेकदा उडतं.

दोष दर वेळी काडतुसाचाच असतो असंही नाही. कडेवरची खूण पाहिली की बरंच कळतं. खोल, स्वच्छ खाच पडलेली असेल तर पिनने आपलं काम केलेलं आहे. नुसता ओरखडा दिसत असेल तर बोल्टमधली (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागातली) घाण, थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेली पिन तपासायला हवी. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, पुरतं बसलेलं नसेल, तर पिनचा मार ते पुढे ढकलण्यातच वाया जातो.

पण ही खूण पाहण्याआधी थांबायचं असतं. क्वचित रसायन पेटतं, पण दारूपर्यंत आग पोचायला उशीर होतो आणि बार मागाहून होतो. आधुनिक काडतुसांत हे दुर्मीळ आहे, पण त्या क्षणी बोल्ट उघडलेला असेल तर पुंगळीला चेंबरच्या भिंतींचा आधार उरत नाही. पिनच्या माराने कड दबावी म्हणून रिमफायरचं पितळ मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. ते फाटलं की तप्त वायू आणि पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात. म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून किमान 30 सेकंद थांबतात, नेमबाजीच्या काही रेंजवर पूर्ण मिनिट. आवाज झाला, पण नेहमीपेक्षा दबका झाला, तर प्रकरण वेगळं. गोळी नळीत अडकलेली असू शकते. अशा वेळी नळी तपासून घेतल्याशिवाय दुसरी गोळी अजिबात झाडायची नाही.

आता काडतूस बाहेर निघालं. इथे माणसाच्या अंगात कारागीर संचारतो आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. .22 ची गोळी पुंगळीत फार घट्ट बसलेली नसते. ती पकडीने ओढून काढली, आतली चिमूटभर दारू ओतून टाकली की काम झालं असं वाटतं. पण स्फोटक तर कडेच्या घडीतच राहिलेलं असतं आणि ते खरवडून काढायला वाट नाही. शिवाय पकडीने कड दाबणं म्हणजे फायरिंग पिनचंच काम हाताने करणं.

पाण्यात किंवा तेलात भिजवून ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो भरवशाचा नाही. गोळी ओढून निघत असली तरी तिच्या आणि पुंगळीच्या सांध्यातून पाणी सहज शिरत नाही, त्यामुळे ओल आत पोचेलच असं नाही. शिवाय कडेतल्या मिश्रणातला मुख्य घटक बहुधा लेड स्टिफ्नेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. भिजलेलं काडतूस वाळलं की पुन्हा पेटू शकतं.

आगीत टाकणं तर वेडेपणाच. उघड्यावर फुटलेल्या काडतुसाची गोळी नळीतून सुटल्यासारखी जात नाही, कारण दाब कोंडून ठेवायला नळीच नसते. उलट हलकी पुंगळी फाटून तिचे तुकडे उडतात आणि डोळा जायला तेवढे पुरेसे आहेत. घरच्या कचऱ्यात टाकलं तर हा धोका कचरा दाबणाऱ्या गाडीतल्या माणसाच्या माथी जातो. रिकाम्या पुंगळ्यांत मिसळून भंगारात गेलं, तर पितळ वितळवणाऱ्या भट्टीजवळच्या कामगाराच्या.

मग करायचं काय? बहुतेक रेंजवर अशा काडतुसांसाठी वेगळा डबा असतो, तिथे टाकायचं किंवा रेंज अधिकाऱ्याच्या हाती द्यायचं. तशी सोय नसेल तर शस्त्रविक्रेता किंवा पोलीस ते घेतील का, हे आधी फोन करून विचारायचं. काडतूस खिशात घेऊन थेट ठाण्यात शिरणं बरं नव्हे. तोवर ते पुठ्ठ्याच्या खोक्यात, चिठ्ठी लावून, चांगल्या काडतुसांपासून दूर, कुलपात ठेवावं. घट्ट झाकणाचा जाड धातूचा डबा नको, स्फोट झालाच तर दाब त्यात कोंडतो. हात साबणाने धुवावेत, कारण गोळीत शिसं आहे आणि कडेतल्या रसायनातही.

जमा झालेली काडतुसं मोठ्या प्रमाणावर नष्ट करताना जाड पोलादी भट्टीत तापवून उडू देतात. तुकडे आतच अडतात, शिशाचा धूर गाळून घेतला जातो आणि खाली उरलेलं पितळ, शिसं पुन्हा वितळवण्यासाठी जातं.