जागतिक आरोग्य प्रकल्पासाठी अनुदान प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रं आणि पहिलं पान

निधीचं आवाहन जाहीर झालं की अनेक जण थेट लिहायला बसतात. त्याआधी ते आवाहन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. अर्ज कोण करू शकतं, कोणता खर्च चालत नाही आणि प्रस्ताव कोणत्या निकषांवर तपासला जाणार, हे वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. चांगली कल्पना चुकीच्या दारात नेली की ती वाचलीसुद्धा जात नाही, आणि हे नुकसान पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

पात्रता

एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२ मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल फंडाकडे एखादी संस्था सहसा परस्पर अर्ज करत नाही. मागणी देशाच्या समन्वय यंत्रणेमार्फत, म्हणजे सीसीएममार्फत जाते. तिथे तुमचं काम म्हणजे मसुदा तयार होत असतानाच्या चर्चेत वेळेवर पोहोचणं.

अमेरिकेच्या एनआयएचचं, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं अनुदान संशोधकाला नव्हे, त्याच्या संस्थेला मिळतं. संस्थेची सॅम डॉट गव्ह, ग्रँट्स डॉट गव्ह आणि ईआरए कॉमन्स या अमेरिकी सरकारच्या ऑनलाइन प्रणालींवर नोंदणी लागते, आणि ती किमान सहा आठवडे आधी सुरू करा असं एनआयएच स्वतःच सांगते. सॅमची नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते. ती चालू आहे ना, हे आजच पाहून घ्या. गेट्स फाउंडेशनने २००८ मध्ये सुरू केलेल्या ग्रँड चॅलेंजेस एक्सप्लोरेशन्समध्ये मात्र दोन पानांच्या अर्जावर १ लाख डॉलरचं पहिलं अनुदान मिळत असे आणि प्राथमिक निष्कर्ष मागितले जात नसत. हाती आकडेवारी नसलेल्या संशोधकाने अशी छोटी अनुदानं आधी शोधावीत.

उद्दिष्टांचं पान

एनआयएचच्या अर्जात उद्दिष्टांसाठी एकच पान असतं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पानाला द्यावा, कारण अनेक परीक्षकांचं मत इथेच बनतं. इतर दात्यांकडेही पहिल्या पानाचं वजन तेवढंच.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरचा प्रस्ताव घ्या. ‘रक्तस्राव हे मातामृत्यूचं मोठं कारण असून त्यावर उपाययोजना गरजेची आहे’ हे वाक्य खरं आहे, पण त्यातून तुम्ही काय करणार ते कळत नाही. आता असं लिहून बघा: केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या रुग्णालयांमध्ये झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत रक्त मोजून रक्तस्राव लवकर ओळखला आणि सगळे उपचार एकदमच सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्याने होणारा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. मात्र ही चाचणी दुय्यम स्तरावरच्या रुग्णालयांत झाली होती. रात्री एकच परिचारिका असलेल्या प्राथमिक केंद्रात हीच पद्धत टिकते का, हे आम्ही पाहणार आहोत.

इथे काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि तुम्ही कुठे हात घालणार, हे लगेच समजतं. उद्दिष्टंही त्यातूनच निघतात: प्रत्येक बाळंतपणात रक्त मोजलं जातं का, आणि रक्तस्राव लक्षात आल्यापासून किती मिनिटांत उपचार सुरू होतात. दोन-तीन उद्दिष्टं पुरेत. मात्र पहिलं फसलं तर दुसरं कोसळेल अशी रचना करू नका. परीक्षक ती लगेच हेरतात.

२५ जानेवारी २०२५ पासूनच्या अर्जांसाठी एनआयएचने परीक्षणाची चौकट सोपी केली आहे. संशोधनाचं महत्त्व, तसंच पद्धतीचा काटेकोरपणा आणि व्यवहार्यता, यांना १ ते ९ गुण मिळतात आणि त्यात १ सर्वोत्तम. तुमचं कौशल्य आणि साधनं पुरेशी आहेत की नाहीत, एवढंच पाहिलं जातं. म्हणजे नामांकित संस्थेच्या नावावर गुण वाढत नाहीत. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

कागदपत्रं

बायोस्केच (म्हणजे संशोधकाचा थोडक्यात परिचय), बजेट आणि त्याचं समर्थन, भागीदारांची पत्रं, माणसांवर संशोधन असेल तर त्यांच्या सुरक्षिततेची योजना, आणि डेटा कसा जपणार व खुला करणार याचा आराखडा. एनआयएचने २५ जानेवारी २०२३ पासून हा आराखडा बंधनकारक केला. एथिक्स कमिटीची मंजुरी कधी लागते ते दात्यागणिक बदलतं, पण काम जिथे होणार तिथल्या समितीकडे आधीच जाऊन या.

‘आमचा पाठिंबा आहे’ एवढंच म्हणणारं पत्र कामाचं नाही. आरोग्य विभाग कोणती केंद्रं खुली करणार, किती कर्मचाऱ्यांचा वेळ देणार, नोंदवह्या कोण दाखवणार, हे पत्रात हवं.

बजेट तर भागीदारीची खरी साक्ष देतं. स्थानिक संशोधक फक्त माहिती गोळा करणार आणि विश्लेषणाचा सगळा पैसा दूरच्या विद्यापीठाकडे जाणार असेल, तर ‘समान भागीदारी’ हे शब्द पोकळ ठरतात. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा, २०२४ मध्ये सुधारलेला हेलसिंकी जाहीरनामाही संशोधनाच्या आधी, दरम्यान आणि नंतर लोकांचा अर्थपूर्ण सहभाग मागतो. त्यासाठीच्या बैठका, भाषांतर आणि प्रवास यांना बजेटमध्ये स्वतंत्र ओळ द्या.

अर्ज भरताना आणि नंतर

एनआयएचची मुदत अर्जदार संस्थेच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी ५ ला संपते. अर्ज चार-पाच दिवस आधी पाठवा. प्रणालीत तयार झालेला अर्ज तपासायला दोन कामाचे दिवस मिळतात, पण चूक सापडली तर दुरुस्त अर्ज मुदतीच्या आतच जावा लागतो.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे सहकाऱ्यांसोबत बसून वाचा. एनआयएचकडे मूळ अर्जानंतर ३७ महिन्यांच्या आत तोच प्रस्ताव सुधारून पुन्हा देता येतो. सोबत एका पानाची प्रस्तावना असते. तिच्यात प्रत्येक गंभीर आक्षेपाला उत्तर द्या आणि काय बदललं ते नेमकं सांगा. जिथे परीक्षकांचं पटलं नाही, तिथे पुरावा देऊन शांतपणे तसं लिहा.