सेहेचाळीस टन पाणी पेलणारा पातळ पत्रा

अमेरिकेच्या उपनगरांत घरामागच्या अंगणात जमिनीवर उभा केलेला गोल जलतरण तलाव नेहमी दिसतो. मोठा खड्डा न खणता पत्र्याची गोल भिंत उभी करायची, तिच्या आत प्लास्टिकचे अस्तर सोडायचे आणि पाणी भरायचे, अशी त्याची रचना असते. मुले मोठी होऊन घराबाहेर पडली किंवा घर विकायला काढले, की हाच तलाव मालकाला अडगळ वाटू लागतो आणि मग तो ‘सोडवून घेऊन जा’ एवढ्याच अटीवर फुकट किंवा किरकोळ किमतीत मिळतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही उन्हाळ्याच्या तोंडावर असा तलाव घेण्याचा मोह होतो. तो जरूर घ्यावा असे माझे मत आहे. मात्र त्यातील नेमका कोणता भाग आपण विकत घेत आहोत हे आधी समजून घ्यावे. तो भाग म्हणजे भिंतीचा पत्रा. अस्तर नवेच घ्यावे लागते, वाळू नवी लागते, गॅस्केट आणि नटबोल्ट बदलावे लागतात, पंपही कधी ना कधी बदलला जातो. पत्रा चांगला असेल तर सौदा चांगला, आणि पत्रा खराब असेल तर फुकट मिळालेला तलावही महागात पडतो.

असे का, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. २४ फूट व्यासाचा, म्हणजे सुमारे ७.३ मीटर रुंदीचा तलाव घेऊ आणि त्यात १.१ मीटर पाणी भरू. तळाचे क्षेत्रफळ ४२ चौरस मीटर होते, पाणी सुमारे ४६,००० लिटर भरते आणि त्याचे वजन ४६ टन होते. हा आकडा ऐकून जमीन खचेल अशी भीती वाटते, पण ती अनाठायी आहे. ४६ टन वजन ४२ चौरस मीटरवर पसरते, तेव्हा दर चौरस मीटरला जेमतेम ११०० किलोग्रॅम भार येतो. उभ्या माणसाच्या तळपायांखाली जमिनीवर साधारण याहून अधिक दाब असतो. घट्ट, अस्पर्शित माती हा भार सहज पेलते.

खरा प्रश्न भिंतीचा आहे. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो आणि तो सर्व दिशांना सारखा असतो, त्यामुळे पाणी तळावर जेवढे रेटते तेवढेच तळाशी असलेल्या भिंतीलाही बाहेर ढकलते. गोल भिंत हा रेटा वाकून सोसत नाही, ताणून सोसते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव आवळून बसलेली असते आणि आतून येणारा रेटा तिच्यात सर्वत्र ताणाच्या रूपाने फिरतो, तसेच येथे होते. दाबाला त्रिज्येने गुणले की हा ताण मिळतो. आपल्या तलावात अगदी तळाशी भिंतीच्या एक सेंटिमीटर उंचीच्या पट्टीवर सुमारे ४० किलोग्रॅम ओढ येते. पृष्ठभागाकडे ती शून्यापर्यंत उतरते, आणि सगळी बेरीज केली तर सुमारे २.२ टन होते. भिंतीची दोन टोके जिथे बोल्टांनी जोडलेली असतात, त्या एका उभ्या सांध्याला ही सगळी ओढ अहोरात्र धरून ठेवायची असते. बाहेरून दिसणारे रुबाबदार खांब आणि वरची कड यांचा त्यात वाटा अल्प असतो. ते भिंतीला उभी आणि सुबक ठेवतात, पाणी पत्राच अडवतो.

हा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. तो ०.४ मिलिमीटर धरला तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १००० किलोग्रॅम ताण येतो. साध्या पोलादाला कायमचे ताणले जाण्यासाठी साधारण अडीचपट ताण लागतो, म्हणून नवा पत्रा निर्धास्त उभा राहतो. गंजाने अर्धी जाडी खाल्ली की ताण दुप्पट होतो आणि सुरक्षिततेची बहुतेक शिल्लक तिथेच संपते. त्यात भोकांची भर पडते. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असले तर भोकाच्या कडेला ताण जवळजवळ तिपटीने वाढतो, हे जर्मन अभियंता किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले. तलावाच्या भिंतीत वरच्या बाजूला पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरची खिडकी असते आणि जवळच फिल्टरमधून परतणाऱ्या पाण्यासाठी भोक असते. तिथले गॅस्केट झिजले की पाण्याची बारीक धार अस्तराच्या मागे, पत्र्यावरून खाली झिरपत राहते. म्हणून या खिडकीखालचा पट्टा आणि तळाची कड सर्वांत आधी गंजते, आणि ताण सर्वांत अधिक असतो तो तळाशीच.

त्यामुळे तलाव पाहायला जाताना बाहेरच्या रंगावर विसंबू नये. बाहेरचा रंग नीट असतानाही आतून पत्रा चाळणी झालेला असू शकतो. अस्तर काढल्यावर आतली बाजू पाहण्याची अट घालावी. तसे जमत नसेल तर किमान स्किमरभोवती, सांध्याच्या बोल्टांपाशी आणि तळाशी पत्रा बोटांनी दाबून, पेचकसाच्या टोकाने टोचून पाहावा. पोलादावर जस्ताचा थर असतो आणि तो स्वतः झिजून पोलादाला वाचवतो. म्हणून पांढरट भुकटी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, कारण ती जस्ताची असते. तांबूस पापुद्रे निघत असतील किंवा टोक आरपार जात असेल, तर तो पत्रा सोडून द्यावा. बारीक डाग घासून त्यावर जस्तयुक्त रंग देता येतो, पण तळाच्या पट्ट्यातील किंवा सांध्यातील भोकावर ठिगळ लावून त्यात मुलांना उतरवणे मला मान्य नाही. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन तयार करणारे यंत्र ज्या तलावाला जोडलेले होते, तिथे ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

लंबगोल तलाव स्वस्तात मिळत असला तरी पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने तो टाळावा. ताणाने रेटा सोसायची युक्ती वक्र भिंतीलाच जमते. लंबगोलाच्या सरळ बाजूंना वक्रता नसल्याने तिथे पाण्याचा रेटा आडव्या पट्ट्या आणि तिरके टेकू यांना पेलावा लागतो, आणि ते सोडवून दुसरीकडे अचूक बसवणे जिकिरीचे असते.

अस्तराबद्दल मात्र तडजोड नको. ते पीव्हीसी प्लास्टिकचे असते आणि साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. महाराष्ट्रातील शेततळ्यांत अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद जवळपास याच जाडीचा, फरक इतकाच की शेततळ्यात पाण्याचा रेटा भोवतालची माती सोसते आणि येथे पत्रा सोसतो. दोन्हीकडे अस्तराचे काम पाणी झिरपू न देणे एवढेच. पीव्हीसी मुळात कडक असते आणि त्यात मिसळलेल्या मृदुकारक द्रव्यांमुळे ते लवचीक होते. ऊन, क्लोरीन आणि काळ यांमुळे ही द्रव्ये हळूहळू निघून जातात, आणि पाणी काढल्यावर वाळलेले जुने अस्तर आकसते. ते पुन्हा ताणून बसवायला गेले की फाटते. काही शे डॉलरचे नवे अस्तर हा या व्यवहारातील अटळ खर्च समजावा. उबदार, वारा नसलेल्या दिवशी ते बसवावे, कारण उन्हात ते मऊ होऊन मापात बसते. तळाशी चार बोटे पाणी येईपर्यंतच सुरकुत्या काढता येतात. पाणी वाढले की त्याच्या वजनाखाली अस्तर जागचे हलत नाही.

तलाव सोडवताना प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत, खांब आणि कडेचे तुकडे यांवर क्रमांक टाकावेत. पाणी आणि अस्तर काढल्यावर भिंतीला कसलाच आधार उरत नाही आणि वाऱ्याची एक झुळूक ती दुमडू शकते. एकदा घडी पडलेला पत्रा पूर्वीसारखा सरळ होत नाही. म्हणून तीन-चार माणसे हाताशी असावीत आणि वारा पडलेला दिवस निवडावा. पुन्हा जोडताना सांध्याच्या प्रत्येक भोकात नवा बोल्ट घालावा, एकही भोक रिकामे ठेवू नये, २.२ टनांची ओढ जितक्या बोल्टांत वाटली जाईल तितके बरे.

आता सपाटी. या सगळ्या कामात सर्वाधिक घाम इथे गळतो आणि सर्वाधिक अपयशही इथेच येते. पाण्याचा पृष्ठभाग नेहमी सपाट असतो, त्यामुळे जमीन कलती असेल तर उताराच्या बाजूला पाणी अधिक खोल होते. खोलीतील वाढ किरकोळ दिसते, परंतु तिचा परिणाम तेवढ्यावर थांबत नाही. २४ फुटांत दोन इंचांचा कल राहिला तर दोन्ही बाजूंच्या रेट्यांचा तोल बिघडतो आणि सुमारे ३०० किलोग्रॅमचा निव्वळ रेटा भिंतीला सतत उताराकडे ढकलत राहतो. भिंत तर जमिनीवरच्या एका पातळ पन्हळीत नुसती टेकलेली असते. म्हणून सर्व खांबांच्या पायथ्यांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक राहू देऊ नये असे मी म्हणेन. सपाटी करताना उंच बाजू खणून खाली आणावी. सखल बाजूला भर घालू नये. भरावाची माती धुमसाने कितीही चोपली तरी ४६ टनांखाली पुढची काही वर्षे ती बसत राहते, आणि सगळीकडे सारखी बसत नाही. मोजणीसाठी महाग लेसर यंत्राची गरज नाही. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी अंगणाच्या दोन टोकांना धरली की दोन्हीकडची पातळी मिलिमीटरच्या हिशेबात कळते. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. प्रत्येक खांबाखाली सिमेंटची फरशी पाणसळ लावून जमिनीत बसवावी, आत दोनेक इंच बारीक चाळलेली वाळू पसरावी आणि भिंतीच्या पायथ्याशी आतून वाळूचा उतरता बांध घालावा. हा बांध नसेल तर अस्तर पन्हळीच्या फटीत दाबले जाऊन फाटते.

बागेच्या नळीतून मिनिटाला तीसेक लिटर पाणी येत असेल तर तलाव भरायला एक पूर्ण दिवस लागतो. तो दिवस लक्ष ठेवण्याचा असतो. गुडघाभर पाणी झाल्यावर पातळी पुन्हा मोजावी, कारण चूक सुधारायची संधी तिथवरच असते.

जुन्या तलावासोबत पंप आणि वाळूचा फिल्टर येतो. फिल्टरच्या टाकीवर, विशेषतः झाकणाच्या आवळपट्टीपाशी, तडा दिसला तर ती वापरू नये. आत दाब असतो आणि झाकण उडून गंभीर इजा होऊ शकते. वाळू बदलणे स्वस्त आहे. पंपाच्या बाबतीत मात्र जुने ते स्वस्त हा हिशेब चुकतो. पंपाला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केला तर शक्ती सिद्धान्ततः एक अष्टमांश लागते, पाणी फिरायला दुप्पट वेळ लागला तरी एकूण वीज पूर्वीच्या चौथ्या भागावर येते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने जुलै २०२१ पासून तलावाच्या पंपांना कार्यक्षमतेचे निकष लागू केले, त्यामागे हेच गणित आहे.

विकणारा अनेकदा अर्धवट संपलेले रसायनांचे डबेही देऊ करतो. ते घेऊ नयेत. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही दोन्ही ‘क्लोरीन’ या नावाने ओळखली जातात, पण एकत्र आली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. क्लोरीनचे जंतुनाशक काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते आणि त्याचे प्रमाण पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. सामू ७.५ च्या आसपास असताना सुमारे निम्मे क्लोरीन या रूपात असते, आणि सामू वाढला की ते झपाट्याने कमी होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची शिफारस सामू ७.० ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, अशी आहे. उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करणारे सायन्युरिक आम्ल वापरले तर किमान २ पीपीएम.

जिथे पैसे वाचवूच नयेत अशा दोन जागा आहेत. पहिली वीज. पत्रा, पाणी, पंप आणि ओली जमीन यांच्यात विद्युतदाबाचा फरक राहू नये म्हणून तलावाभोवती जमिनीत तांब्याची तार फिरवून ती भिंतीला आणि पंपाला जोडतात, आणि गळती प्रवाह जाणवताच वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवतात. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि नगरपालिकेची परवानगी खणण्यापूर्वी घ्यावी.

दुसरी जागा मुलांच्या सुरक्षेची. अमेरिकेत १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे आहे. चार फूट उंच भिंत अनेक ठिकाणी कुंपण म्हणून ग्राह्य धरतात, पण शिडी काढलेली किंवा कुलूपबंद असेल तरच. भिंतीबाहेर पाय ठेवायला काहीही आधार असता कामा नये. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सुमारे ५० लाख तलावांबाबत ‘रिकॉल’, म्हणजे सदोष मालाची दुरुस्ती करून देण्याची कारवाई, जाहीर केली. हे तलाव नळ्यांच्या सांगाड्याचे आणि चार फूट किंवा त्याहून उंच होते. पायांच्या बाहेरून फिरवलेला पट्टा लहान मुलांना चढायला पायरी ठरत होता आणि अशा तलावांत ९ मुलांचे मृत्यू झाले होते. त्यांची विक्री २००२ पासून होत असल्याने वापरलेल्या मालात ते आजही आढळणार. असा पट्टा दिसला तर निर्मात्याकडून दुरुस्तीचा संच मिळवून तो बसवल्याशिवाय पाणी भरू नये.

पहिल्या महिन्यात पाण्याची पातळी रोज थोडी उतरताना दिसते. बाष्पीभवन कोणते आणि गळती कोणती, हे ओळखण्यासाठी तलावाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी आणि आत-बाहेर दोन्ही पातळ्यांवर खूण करावी. पंप बंद ठेवून एका दिवसाने पाहिले असता दोन्ही सारख्या उतरल्या असतील तर ते ऊन आणि वाऱ्याचे काम. तलावाची पातळी अधिक उतरली असेल तर स्किमरच्या गॅस्केटपासून शोध सुरू करावा आणि तो लगेच करावा, कारण झिरपणारे पाणी पायथ्याची वाळू वाहून नेते आणि पत्र्याला पुन्हा गंज चढू लागतो.