शाळांतील मोफत सॅनिटरी पॅड पुरवठा (ठाणे, नवी मुंबई)

पाळी सुरू झालेल्या विद्यार्थिनीला शाळेच्या वेळात पैसे न घेता पॅड देणे, ते बदलायला कडी लागणारे आणि पाणी असलेले शौचालय असणे, आणि वापरलेला पॅड टाकायची सोय असणे, या तिन्ही गोष्टी मिळून हा पुरवठा होतो. खरेदी नुसत्या पॅडची होते आणि उरलेल्या दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. योजना बहुतेक ठिकाणी तिथेच अडते.

पॅडवर जुलै २०१७ मध्ये १२ टक्के जीएसटी लागला आणि वर्षभरात, जुलै २०१८ मध्ये, तो रद्द झाला. राज्य शासनाची अस्मिता योजना ८ मार्च २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत मिळे. ते सवलतीचे होते, मोफत नव्हते. शिवाय शहापूर, मुरबाडसारख्या ग्रामीण तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांच्या मुली त्यात बसत. कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे इथल्या महापालिका शाळांतल्या मुली मात्र बसत नसत. सामाजिक कार्यकर्त्या जया ठाकूर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी केंद्राला देशभरासाठी एकसमान धोरण आखायला सांगितले. पुढे ३० जानेवारी २०२६ च्या निकालात मासिक पाळीचे आरोग्य हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरला आणि शाळांत मोफत पॅड देण्याचे निर्देश निघाले.

शाळा महिन्याचे सगळे पॅड देणार की फक्त अडीनडीचे, हे आधी ठरवावे लागते, कारण दोन्हींच्या आकड्यांत जवळपास चौपट फरक पडतो. सहावी ते दहावीत ३०० मुली असतील आणि त्यातल्या २०० जणींची पाळी सुरू झाली आहे असे धरू. २८ दिवसांच्या चक्रात ५ दिवस स्राव धरला, तर कुठल्याही दिवशी ३५-३६ मुली पाळीत असतात. प्रत्येकीला शाळेत एक पॅड म्हटले तरी २४ दिवसांच्या महिन्याला सुमारे ८६० पॅड होतात. पूर्ण पाळीसाठी प्रत्येकी १६ धरले तर ३,२०० लागतात. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचा म्हटला की ८ चे पाकीट दोन दिवसांतच संपते. मुलीला पाकीट मिळाले म्हणून तिची महिन्याची गरज भागली, असा हिशेब करणे चूक आहे.

माल घेताना आयएस ५४०५ हे सॅनिटरी पॅडचे भारतीय मानक मागावे. त्याच्या १९८० च्या आवृत्तीतली शोषकतेची चाचणी शाळेतही करता येते. पॅडच्या मध्यभागी ३० मिलि रंगीत पाणी मिनिटाला १५ मिलि या गतीने सोडायचे, मग त्यावर एक किलोचे वजन मिनिटभर ठेवायचे. पाणी खालून किंवा कडेने दिसले की तो गठ्ठा परत करावा. दिवसा वापरायला २४० मिमी लांबीचा पॅड पुरतो. जास्त स्राव होणाऱ्या मुलींसाठी थोडे २८० मिमीचेही ठेवावेत. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात मागचा गोंद सुटतो आणि पावसाळ्यात खोके ओल धरते. म्हणून खोकी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावीत आणि आधी आलेला माल आधी वाटावा.

सगळ्यात जास्त मुली अडतात त्या पॅड मागण्यापाशी. पॅड कपाटात, किल्ली एका बाईंकडे, बाई रजेवर किंवा जनगणनेच्या कामावर. मग मुलगी ओढणी कमरेला गुंडाळून घरी जाते. सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत सकाळचा वर्ग सुटताना कपाट बंद झाले, तर दुपारच्या मुलींना काहीच उरत नाही. मुलींच्या शौचालयातच, आतल्या बाजूला, नव्या पॅडचा झाकणाचा डबा टांगावा आणि दोन्ही सत्रांच्या सुरुवातीला तो भरावा. नावे लिहून घेऊ नयेत; साठा नोंदवहीत तारीख आणि टाकलेली संख्या पुरे. पहिल्या आठवड्यात मुली जास्त पॅड घेतात. ते घरी आईला, बहिणीला लागतात, त्याला चोरी म्हणू नये. साठा वाढवला की ओघ आपोआप स्थिरावतो.

नाण्याचे यंत्र शोभेचे ठरते. नाणे अडकते, दमट पाकीट फुगून स्प्रिंगमध्ये रुतते आणि पुन्हा भरायचे पैसे कुठल्याच लेखाशीर्षात (खर्चाच्या मंजूर सदरात) नसतात. यंत्र घ्यायचेच तर बटणाचे घ्यावे, वर्षभराच्या पॅडसकट, आणि ते कार्यालयासमोर लावू नये.

वापरलेला पॅड शौचकूपात गेला की त्यातली शोषक भुकटी पाणी पिऊन फुगते आणि नळी तुंबते. प्रत्येक शौचालयाच्या आत झाकणाचा डबा आणि खुंटीला कागदाचे तुकडे हवेत. मुलींनी पॅड कागदात गुंडाळून टाकावा, डबा रोज रिकामा व्हावा आणि पिशवीवर लाल खूण करून ती वेगळी द्यावी. पुण्यात कचरावेचकांसाठी ही लाल ठिपक्याची पद्धत रुजवली गेली. शाळेतली छोटी विद्युत भट्टी सोपी वाटते, पण पॅडचा मागचा थर प्लास्टिकचा असतो. कमी तापमानावर, एकदम दहा-बारा पॅड कोंबले की ते नुसते धुमसतात, वर्गात धूर येतो, तक्रार होते आणि भट्टी बंद पडते. राख साचू दिली तर आतली कॉइल जाते. वेगळा कचरा नेणारी गाडी येत असेल तर भट्टी घेऊच नये.

ठाणे महापालिकेने जानेवारी २०२१ मध्ये म्यूज फाउंडेशन या संस्थेसोबत वागळे इस्टेटच्या शांतीनगर वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात पीरियड रूम, म्हणजे पाळीत पॅड बदलायची खोली, सुरू केली. पाणी, जेट स्प्रे, साबण, कागद आणि कचऱ्याचा डबा अशी सोय तिच्यात केली होती. शाळेतल्या एका शौचालयात एवढे बसवणे फार खर्चाचे नाही.

कापडी पॅडसाठी भारतीय मानक आयएस १७५१४ आहे. ते पॅड धुऊन उन्हात वाळवावे लागतात. चाळीतल्या एका खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ते दोरीवर घालणे अनेक मुलींना जमत नाही. म्हणून ते मागेल तिलाच द्यावेत. एकवापरी पॅडच्या बदल्यात लादू नयेत.

दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी पुरवठ्यात बहुधा विसरली जाते. निविदा उशिरा निघाली तर जूनमध्ये शाळा उघडते आणि डबे रिकामेच असतात. मागणीपत्र फेब्रुवारीत पाठवावे, सुट्टी लागण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक मुलीला दोन पाकिटे द्यावीत आणि जूनपासूनच्या पहिल्या महिन्याचा साठा एप्रिलमध्येच बाजूला काढून ठेवावा.