माऊस उड्या मारतोय? आधी खालचं टेबल बघा

कर्सर मधेच अडकतो, नाहीतर हात न लावता थरथरतो, असं झालं की आपण आधी माऊस आपटतो, मग सेल बदलतो आणि शेवटी वैतागून नवीन माऊस मागवतो. त्याआधी एक कोरा ए-फोर कागद माऊसखाली सरकवून बघा. तेवढ्यानेच कर्सर सरळ चालायला लागला तर माऊस धडधाकट आहे, घोळ टेबलाचा आहे.

आता बहुतेक माऊस ऑप्टिकल असतात, म्हणजे त्यांच्या पोटात चक्क एक कॅमेरा असतो. अगदीच गरीब कॅमेरा हं, जुन्या साध्या सेन्सरमधे 18 गुणिले 18, म्हणजे जेमतेम 324 पिक्सेल, आणि त्याला दिसतो साधारण एक मिलिमीटरचा चौकोन, पण हा पठ्ठ्या सेकंदाला 1500 फोटो काढतो आणि मागच्या फोटोतले डाग पुढच्या फोटोत किती सरकले ते बघून ठरवतो की हात कुठे गेला. म्हणजे त्याला डाग लागतातच. शेजारचा एलईडी मुद्दाम तिरका बसवलेला असतो, रात्री रस्त्यावर टॉर्च खाली धरून मारला की खड्डे कसे उठून दिसतात, तसंच कागदाच्या तंतूंच्या बारीक सावल्या त्याला दिसतात. आपल्याला पांढराशुभ्र गुळगुळीत वाटणारा कागद त्याच्यासाठी डोंगरदऱ्या आहे, म्हणून तर कागद इतका मस्त चालतो.

आता सरकारी ऑफिसातलं ते टेबल आठवा, वर जाड काच आणि काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, देवाचा फोटो. माणसाला वाटतं खाली एवढं सगळं दिसतंय, मग माऊसला काय प्रॉब्लेम? प्रॉब्लेम असा की त्याच्या लेन्सचा फोकस पक्का असतो, टेकलेल्या पृष्ठभागावर, लेन्सपासून दोन-अडीच मिलिमीटरवर. काचेच्या तळाचं कॅलेंडर त्याच्या लेखी नुसता धुरकटपणा, आणि वरच्या स्वच्छ काचेवर बघण्यासारखं काहीच नाही. काच जितकी जास्त पुसाल तितका त्रास जास्त! काचेवर चालणारे माऊसही आले, लॉजिटेक कंपनीने 2009 मधे डार्कफील्ड नावाचं तंत्र आणलं, ते काचेवरची सूक्ष्म धूळ आणि ओरखडेच वाचतं, पण काच किमान 4 मिमी जाड हवी असं कंपनीच सांगते.

चकचकीत सनमायकाचंही तसंच, प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला निघून जातो. आणि नक्षी? ती असावी पण एकसारखी नसावी. मासिकातले रंगीत फोटो बारीक ठिपक्यांच्या रांगांनी छापलेले असतात, एक ठिपका सरकून दुसरा त्याच जागी आला की माऊसला वाटतं आपण हललोच नाही, मग कर्सर अडखळतो.

गंमत म्हणजे 1980 च्या सुमारास अमेरिकन संशोधक स्टीव्ह कर्श यांनी जो ऑप्टिकल माऊस केला त्याला नेमक्या अशाच एकसारख्या रेघांचं जाळं असलेलं धातूचं पॅड लागायचं, कारण तो फोटो जुळवत नव्हता, रेघा मोजत होता. पॅड फिरवून आडवं ठेवलं की दिशांचा सगळा गोंधळ. बॉलवाल्या माऊसचं दुखणं वेगळंच होतं, त्याला डाग नकोत, घर्षण हवं, बॉल घसरला की कर्सर जागच्या जागी, आणि महिन्याभराने आतले रोलर नखाने खरवडायचे.

पलंगावर चादरीवर माऊस चालवणारे बरेच आहेत, त्यात सेन्सरचा दोष नसतो, चादरच हाताबरोबर ओढली जाते आणि माऊसच्या दृष्टीने खालचं जग हललेलंच नसतं. वर चादरीचा एखादा धागा सेन्सरच्या भोकात अडकला की कर्सर आपोआप थरथरतो, माऊस उलटा करून फुंकर मारा.

माझं मत विचाराल तर साधं एकरंगी कापडी पॅड, खाली रबर असलेलं, बास. महाग गेमिंग पॅड ऑफिसच्या एक्सेलला कशाला? फक्त मनगट टेकतं तिथे घामाने ते काळं आणि चिकट होतं, तेव्हा साबणाच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस लागतात, तोवर आहेच ए-फोर कागद, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून.