गुडघेदुखी आणि ओमेगा-३ मेदाम्ले : तर्क आणि चाचण्या

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ कूर्चा झिजण्याच्या आजारासाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांच्या कॅप्सूलमागचा तर्क चुकीचा नाही. अडचण एवढीच, की माणसांवर काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा या तर्काला हवी तशी साथ मिळाली नाही. हा आजार फार मोठ्या संख्येने लोकांना जडतो. २०१९मध्ये जगभरात गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे सुमारे ३६ कोटी ५० लाख रुग्ण असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. अशा वेळी पूरक आहाराकडे वळणाऱ्या रुग्णाला दोष देता येत नाही.

आधी तर्क पाहू. हाडांच्या टोकांवरील कूर्चेत ना रक्तवाहिन्या असतात ना चेतातंतू. म्हणून ती सहजासहजी भरून येत नाही आणि ती स्वतः दुखतही नाही. वेदना येते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याभोवतालच्या ऊतींतून आणि बऱ्याच रुग्णांत सांध्याच्या आतील अस्तराला आलेल्या दाहातून. या दाहात प्रोस्टाग्लँडिन ई-२ या रेणूचा मोठा वाटा असतो आणि तो ॲराकिडॉनिक आम्ल या ओमेगा-६ मेदाम्लापासून सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तयार होतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके ज्या विकराला अडवतात, तो हाच. माशांच्या तेलातील ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल पेशींच्या आवरणात ॲराकिडॉनिक आम्लाची जागा घेते, त्याच विकरासाठी त्याच्याशी स्पर्धा करते आणि त्यापासून तयार होणारे रेणू दाह वाढवण्याच्या कामी बरेच दुबळे असतात. शिवाय ईपीए आणि माशांच्या तेलातीलच डीएचए हे दुसरे ओमेगा-३ यांच्यापासून शरीरात रिझॉल्विन नावाचे रेणू बनतात, जे दाह आवरता घेण्याचे काम करतात. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, दिवसाला सुमारे ३ ग्रॅम ओमेगा-३ घेतल्याने वेदनाशामकांची गरज काहीशी घटते, असे चाचण्यांत दिसलेले होते. तेव्हा गुडघ्यांबाबतही आशा वाटणे स्वाभाविक होते.

ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने २०१६मध्ये पहिला बुचकळ्यात टाकणारा निष्कर्ष दिला. २०२ रुग्णांपैकी काहींना २ वर्षे दररोज ४.५ ग्रॅम ओमेगा-३ मिळेल इतके माशाचे तेल दिले गेले, तर उरलेल्यांना त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके ओमेगा-३ असलेले मिश्र तेल. वेदनेत अधिक सुधारणा दिसली ती कमी मात्रा घेणाऱ्यांत. कूर्चेच्या झिजेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. यावरून ‘थोडे तेल गुणकारी’ असे मात्र म्हणता येत नाही, कारण ओमेगा-३ अजिबात न घेणारा तिसरा गट तुलनेला नव्हता.

त्यानंतर क्रिलचे तेल पुढे आले. क्रिल हा अंटार्क्टिक समुद्रातील कोळंबीसारखा छोटा जीव असून त्यातील बरीचशी मेदाम्ले फॉस्फोलिपिड या मेदरेणूंना जोडलेली असतात. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३५ जणांच्या चाचणीत दररोज ४ ग्रॅम क्रिल तेलाने सौम्य ते मध्यम आजारात माफक फायदा दिसला. मग ऑस्ट्रेलियातील पाच शहरांत २६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४मध्ये आले. यात मुद्दाम असे रुग्ण निवडले होते, ज्यांच्या गुडघ्यात अस्तराचा दाह आणि साचलेले पाणी एमआरआयवर दिसत होते. दाहशामक तेलाचा उपयोग व्हायचाच असेल तर तो यांनाच व्हायला हवा होता. दररोज २ ग्रॅम तेल २४ आठवडे घेतल्यावर १०० गुणांच्या मोजपट्टीवर वेदना सरासरी १९.९ने कमी झाली. प्लॅसिबो, म्हणजे तुलनेसाठीचा औषधाविना उपचार, म्हणून साधे वनस्पती तेल घेणाऱ्यांत ती २०.२ने कमी झाली.

मला वाटते, या विषयातील सर्वांत बोलके आकडे हेच आहेत. औषध नसलेल्या कॅप्सूलनेही वेदना इतकी उतरते, याचे एक कारण रुग्णाची अपेक्षा. दुसरे असे, की माणूस उपचाराकडे वळतो तो दुखणे ऐन भरात असताना, आणि या आजारातील दुखणे मुळातच कमी-जास्त होत असल्याने पुढे ते आपसूक ओसरते. ‘मला तर गुण आला’ ही शेजाऱ्याची ग्वाही प्रामाणिक असूनही पुरावा म्हणून अपुरी ठरते ती यामुळेच. अमेरिकेतील १,३९८ गुडघेदुखीग्रस्तांच्या चाचणीत काहींनी सरासरी ५ वर्षांहून अधिक काळ दिवसाला १ ग्रॅम ओमेगा-३ घेतले, तेथेही प्लॅसिबोच्या तुलनेत फरक दिसला नव्हता. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही या आजारासाठी माशाच्या तेलाची शिफारस नाही.

तरीही घ्यायचेच असेल, तर वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. १,००० मिलिग्रॅम माशाच्या तेलाच्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे मिळून जेमतेम ३०० मिलिग्रॅम असते. आमवातातील मात्रा गाठायला अशा नऊ-दहा कॅप्सूल रोज घ्याव्या लागतील. तितक्या मात्रेने करपट ढेकर आणि पोटाच्या तक्रारी होतातच, पण हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही काहीसा वाढतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असून त्याचे ईपीएत रूपांतर शरीर फार थोड्या प्रमाणात करते. जवसाची चटणी चवीने खावी, गुडघ्यांसाठी नव्हे. बांगडा आणि तारली यांत ईपीए-डीएचए भरपूर असते, पण तेही जेवण म्हणूनच चांगले.

खर्च आणि चिकाटी दोन्ही मर्यादित असतील, तर मी ती मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामावर लावीन. वजन जास्त असलेल्या ज्येष्ठांत १ किलो वजन उतरले, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो, असे मोजून दाखवण्यात आले आहे. आहारनियंत्रण आणि व्यायाम यांची जोड देऊन १८ महिन्यांत वजन सुमारे ११ टक्क्यांनी उतरवणाऱ्या गटात, नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा वेदना अधिक कमी झाली होती.